डॉर्टचे सतरावे कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निरनिराळ्या धर्मांतल्या दैववादावर आलेला लेख वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे आणि कुणाच्याही श्रद्धेची टिंगल केलेली नाही, याबद्दल त्यांचे आभार. पण ख्रिस्ती धर्मावर लिहिताना त्यांनी दोन विधाने केली आहेत, ती तशीच सोडून देणे मला जमेना. एक, कुणाचे तारण (म्हणजे पापातून सुटका) व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे असे मानणारा ख्रिस्ती माणूस स्वतःला कळसूत्री बाहुली समजतो आणि मग त्याच्या विश्वासाला, धडपडीला काही अर्थ उरत नाही. दुसरे, ‘नवा जन्म’ म्हणजे बाप्तिस्मा घेऊन धर्म बदलणे. आणि त्यासाठी त्यांनी पंडिता रमाबाईंचे १८८३ साल दाखल्यादाखल दिले आहे.

मी निवृत्त मराठी शिक्षिका. माहेर आणि सासर दोन्ही नगरचेच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आहोत. शुक्रवारी संध्याकाळी आमचा बायबलचा अभ्यासवर्ग असतो, तो मी घेते. निवड, नवा जन्म, विश्वास हे तिथे नेहमी येणारे शब्द. वर्ग संपला की सतरंजी गुंडाळता गुंडाळता कुणीतरी हळूच विचारते, ‘बाई, मी निवडलेल्यांत आहे हे मला कसं कळणार?’ विचारणारीच्या घरी बहुधा काहीतरी बिनसलेले असते. म्हणून या शब्दांचा अर्थ ढिला सोडलेला मला चालत नाही.

रमाबाईंपासून सुरुवात करते, कारण तिथे त्यांचाच लेखी जबाब आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, हे लेखकांचे म्हणणे बरोबर. पण १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. तीत त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्मा घेतल्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. ही जाणीव त्यांना झाली १८९१च्या सुमारास. तोवर त्या अमेरिका फिरून आल्या होत्या, मुंबईत शारदा सदन उघडून ते पुण्याला हलवले होते, सनातन्यांचे आणि सुधारकांचे दोघांचेही बोल खाऊन झाले होते. धर्म बदललेली, बायबल मुळातून वाचायला धडपडणारी, विधवांसाठी घर उभे करणारी ही बाई आठ वर्षांनी म्हणते की माझ्यात अजून ते घडलेच नव्हते. मग लेखकांच्या व्याख्येचे काय करायचे?

त्याच साक्षीत पुढे, हे तारण ख्रिस्ताने एखाद्या जातीसाठी किंवा फक्त पुरुषांसाठी राखून ठेवलेले नाही आणि ते मिळवायला पदरी पुण्य लागत नाही, हे उमगले तेव्हा झालेला आनंद त्यांनी लिहिला आहे. भारतात जन्मलेल्या माझ्यासारख्या बाईला ही केवढी शुभवार्ता, असा त्याचा आशय. ज्या बाईला पावलोपावली पात्रता विचारली गेली होती, तिला ‘पात्रता न पाहता दिलेले’ या शब्दांत सुटका दिसली. निवडीची शिकवण अन्यायाची वाटते अशांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला रात्री जे सांगतो ते हेच आहे. निकदेम परुशी, यहूद्यांचा अधिकारी, शास्त्र जाणणारा. त्याला धर्म बदलायला कुणी सांगत नाही. वरून जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही, एवढेच सांगितले जाते. आणि वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्याचेही तसेच. वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी हा जन्म बाप्तिस्म्यातच होतो असे मानतात. पाणी आणि आत्मा यांचा उल्लेख त्याच अध्यायात आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. पण बाप्तिस्मा म्हणजे निव्वळ धर्मांतर असे त्याही म्हणणार नाहीत. माणूस आपल्या हाताने स्वतःला जन्म देत नाही, इथे आम्हा सगळ्यांचे एकमत आहे.

खरा वाद पुढे आहे आणि तो लेखात आलाच नाही. आधी काय, विश्वास की नवा जन्म? मी विश्वास ठेवला म्हणून देवाने मला नवे केले, की देवाने आधी नवे केले म्हणून मला विश्वास ठेवता आला?

हा वाद फार जुना आहे. ‘तू जे आज्ञापितोस ते तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर’ अशी बिशप ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून पेलागियस नावाचा साधू अस्वस्थ झाला. देवच सगळे देणार तर माणूस हातपाय कशाला हलवील, ही त्याची काळजी. तुमच्या लेखकांचीही तीच आहे, सोळाशे वर्षांनी. ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने निर्णय दिला तो असा : विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेने होते, मात्र देवाने कुणाला वाईटासाठी नेमून ठेवले आहे असे कुणी म्हणत असेल तर ते धिक्काराला पात्र.

यापेक्षा खणाखणी झाली ती हॉलंडमध्ये. लायडन विद्यापीठातले प्राध्यापक याकोबस आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि त्यांना तो निवडतो, कृपेवाचून माणसाला काहीच साधत नाही हे खरे, पण आलेली कृपा माणूस नाकारू शकतो. यावर निकाल द्यायला १३ नोव्हेंबर १६१८ पासून डॉर्ट शहरात धर्मसभा बसली. इंग्लंड, जिनिव्हा, जर्मन संस्थाने इथूनही प्रतिनिधी आले. सभेने उलटा क्रम लावला. पापात मेलेला माणूस हात पुढे करू शकत नाही. देव त्याला जिवंत करतो, मग तो विश्वास ठेवतो. तो विश्वाससुद्धा देणगीच.

मराठी वाचकाला हे परके वाटायला नको. श्रीवैष्णवांमध्ये मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हा वाद आहेच : माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते, मांजरीच्या पिल्लाला मांजर तोंडात धरून नेते. आर्मिनियसचे लोक पहिल्याच्या जवळ, डॉर्टचे दुसऱ्याच्या. पण डॉर्टच्या मताने पिल्लू आधी निपचित आहे. उचलणे आणि जीव घालणे एकाच वेळचे. तिथे हा दाखला अपुरा पडतो.

त्या सभेच्या काळात जे राजकारण झाले ते मला लाजिरवाणे वाटते. निवेदनवाल्यांच्या बाजूने उभा राहिलेला म्हातारा मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. त्याच बाजूच्या ह्यूगो ग्रोशियस या कायदेपंडिताला जन्मठेप झाली. पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपून तो १६२१ मध्ये कैदेतून निसटला. पुष्कळ पाळकांना मंडळ्यांतून काढले, हद्दपार केले. कृपेबद्दल बोलणाऱ्यांनी हे होऊ दिले. क्रमाच्या बाबतीत मी डॉर्टच्या बाजूची आहे, म्हणूनच हे लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

पण त्या सभेने लिहिले काय, ते तरी वाचा. ‘कळसूत्री बाहुली’ हा आरोप त्यांच्यावर तेव्हाच झाला होता आणि त्याचे उत्तर त्यांच्या कलमांतच आहे. देवाची कृपा माणसांशी दगड-लाकूड असल्यासारखी वागत नाही. ती त्यांची इच्छाशक्ती मारून टाकत नाही की जबरदस्तीने ओढत नाही, तर तिला जिवंत करते, बरी करते, वळवते. म्हणजे ज्याला विश्वास ठेवावासाच वाटत नव्हता त्याला तो ठेवावासा वाटू लागतो, आणि मग ठेवतो तो स्वतःच. फिलिप्पैजवळ नदीकाठी ख्रिस्ताचा प्रेषित पौल बोलत होता तेव्हा जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया ऐकत होती. बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक म्हणते, पौलाच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे म्हणून प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. बोलला पौल, उघडले प्रभूने, ऐकले लुदियाने. आणि लगेच पुढे ती आग्रह करून पाहुण्यांना आपल्या घरी नेते. या बाईत मला बाहुली कुठेच दिसत नाही.

आता ज्या कलमासाठी हे पत्र एवढे लांबवले ते सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळ दवाखान्यातून घरी आलेच नाही. बाप्तिस्मा व्हायचा होता. झगा शिवून तयार होता. मातीच्या दिवशी घरी प्रार्थना झाली, तिला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी निवडीवर बोलायला घेतले. लेकरू स्वतः विश्वास ठेवण्याच्या वयाचे नव्हते, बाप्तिस्माही नव्हता, तेव्हा ते निवडलेल्यांत होते की नाही हे देवालाच ठाऊक, असे म्हणून त्यांनी आमेन म्हटले. माझी बहीण त्यानंतर कितीतरी वर्षे प्रभुभोजनाला बसली नाही. चर्चला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, भाकर-पेला फिरायच्या आधी उठून जायची. कुणी विचारले तर गुडघे दुखतात म्हणायची.

डॉर्टच्या निर्णयांची इंग्रजी झेरॉक्स मला आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी अभ्यासवर्गासाठी दिली होती. मी समासात पेन्सिलने मराठी लिहीत वाचत होते. पहिल्या प्रकरणाचे सतरावे कलम आले आणि मी वही घेऊन तडक बहिणीकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी वाचले : देवाच्या इच्छेविषयी आपण त्याच्या वचनावरूनच बोलले पाहिजे, ते वचन सांगते की विश्वासणाऱ्यांची मुले पवित्र आहेत, स्वभावतः नव्हे, तर ज्या कृपेच्या करारात ती आईबापांसह सामील आहेत त्या करारामुळे, म्हणून ज्यांची लेकरे देवाने तान्हेपणी या जीवनातून बोलावून घेतली त्या भक्तिमान आईबापांनी त्यांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका बाळगू नये.

ती म्हणाली, ‘परत वाच.’ मी परत वाचले. तिने विचारले, ‘हे कधीचं आहे?’ मी म्हटले, चारशे वर्षे होत आली. तर म्हणाली, ‘मग त्या माणसाने मला का नाही सांगितलं?’

संपादक महाराज, हा प्रश्न मी तिच्या वतीने तुमच्या वर्तमानपत्रातून सगळ्या उपदेशकांना विचारते आहे. निवडीची शिकवण ज्यांनी सगळ्यांत कडकपणे मांडली असे जग म्हणते, त्यांनीच दुखावलेल्या आईबापांसाठी वेगळे कलम लिहून ठेवले. एवढेच नव्हे, तर निर्णयांच्या शेवटी त्यांनी तक्रार केली आहे की विश्वासणाऱ्यांची निष्पाप मुले आईच्या स्तनापासून ओढून नरकात टाकली जातात असे आपण शिकवतो, असा खोटा प्रचार विरोधक करतात. जी गोष्ट त्यांना बदनामी वाटली ती आमच्याकडे कुणी धर्मशिक्षण म्हणून शोकाच्या घरात सांगावी? सोळावे कलमही असेच आहे : ज्याला अजून आपल्यात जिवंत विश्वास जाणवत नाही, पण जो वचन, प्रार्थना, संस्कार धरून आहे, त्याने वगळलेल्यांबद्दल ऐकून घाबरू नये आणि स्वतःला त्यांच्यात मोजू नये. सतरंजी गुंडाळताना विचारणाऱ्या बायकांना मी हेच वाचून दाखवते. ख्रिस्ताकडे यावेसे वाटते ना, मग या. निवडीची यादी बघून मग ख्रिस्ताकडे जायचे असे बायबलमध्ये कुठेच नाही.

त्या कलमात विश्वासणाऱ्यांच्याच मुलांचा उल्लेख आहे, बाकीच्यांच्या लेकरांबद्दल ते काही बोलत नाही. मी तिथे थांबत नाही. ज्या येशूने बाळांना उचलून कवेत घेतले आणि देवाचे राज्य अशांचे आहे म्हटले, त्याने आधी त्यांच्या आईबापांची चौकशी केल्याचे लिहिलेले नाही.

आता माणूस हातपाय हलवणार नाही या भीतीबद्दल. इंग्रज मिशनरी विल्यम केरी ज्या पर्टिक्युलर बाप्टिस्ट पंथाचे, तो निवड मानणारा. देवाने कोण कोण ते ठरवले आहे असा पक्का विश्वास असलेला हा चांभार १७९३ मध्ये बंगालला आला. पहिला माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, बाप्तिस्मा घेता झाला १८००च्या डिसेंबरअखेर. मधली सात वर्षे हाती काही नाही. एक मुलगा दगावला, पत्नीचे मन कायमचे ढळले. तरी ते राहिले, आणि श्रीरामपूरहून (आपल्या जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे) १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापून निघाला. वैजनाथ पंडितांची त्यांना मदत होती. ज्यांची अंतःकरणे उघडायची ती देव उघडणारच, या खात्रीवर सात वर्षे रिकाम्या हातांनी काम करता येते. माणसाच्या मर्जीवरच सगळे अवलंबून असते तर मी दुसऱ्याच वर्षी जहाज पकडले असते.

आर्मिनियसच्या बाजूचे लोक माझे शत्रू नाहीत, हेही लिहायला हवे, कारण अलीकडे मोबाइलवर फिरणारी प्रवचने ऐकून आमची तरुण मुले एकमेकांना तावातावाने पंथांची नावे ठेवू लागली आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली तेव्हा निवडीची शिकवण ठामपणे मांडणाऱ्या कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, आर्मिनियसच्या बाजूच्या जॉन वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट, अँग्लिकन, बाप्टिस्ट असे सगळे एका मंडळीत आले. आमच्या वर्गात मेथडिस्ट घरातली एक आजी येतात. कृपा सर्वांना दिलेली आहे, नाही म्हणणाऱ्याचे नाही देव ऐकतो, असे त्या ठामपणे सांगतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देवाला सर्व माणसांचे तारण व्हावेसे वाटते असे आहे, त्यावर बोट ठेवतात. त्या वचनाला मी बगल देऊ शकत नाही. पण त्याच आजी प्रार्थनेला उभ्या राहिल्या की म्हणतात, ‘प्रभू, तू मला शोधून काढलंस.’

केंब्रिजचे चार्ल्स सिमियन यांनी असाच एक संवाद लिहून ठेवला आहे. ते नवखे पाळक असताना आर्मिनियन बाजूच्या एका थोर वृद्ध पुढाऱ्याला भेटले. ते जॉन वेस्ली होते असे मानतात. सिमियननी विचारले, देवाने आधी मनात घातले नसते तर तुम्ही देवाकडे वळला असता का? म्हातारबुवा म्हणाले, कधीच नाही. आपल्या करणीने देवापुढे उभे राहण्याची आशा आहे? नाही, केवळ ख्रिस्तामुळे. मग आता तरी स्वतःच्या बळावर टिकून आहात? नाही. म्हणजे आईच्या हातातल्या तान्ह्या बाळासारखे देवाने क्षणोक्षणी धरून ठेवायला हवे? होय, सर्वस्वी. सिमियन म्हणाले, मग माझा कॅल्विनवाद एवढाच आहे. वाद इथे मिटला असे मी म्हणत नाही, क्रमाचा प्रश्न राहतोच. पण गुडघे टेकल्यावर दोघे एकच बोलतात, आणि मंडळीत एकत्र बसायला मला तेवढे पुरते.

नगरकरांना रेव्हरंड टिळकांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागोमाग आल्या नाहीत. ताटातूट झाली, हालअपेष्टा झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या पायांनी आणि त्यांच्या स्वतःच्या वेळी. एकाच घरात देवाने दोघांना दोन वाटांनी आणले. नवऱ्याने ठरवले म्हणून बायकोचा नवा जन्म होत नाही, आईने ठरवले म्हणून मुलाचा होत नाही. माझा धाकटा मुलगा आज कशावरच विश्वास ठेवत नाही. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. निर्णय सर्वस्वी त्याच्याच हाती आहे असे मी मानत असते तर देवाकडे नेमके काय मागितले असते, मला सांगता येत नाही.

मग जे निवडलेले नाहीत त्यांचे काय, असा प्रश्न लेखकांनी शेवटी टाकला आहे. रास्त प्रश्न आहे. कॅल्विनने त्याचे उत्तर देताना वगळलेल्यांचाही आधीच निर्णय झाल्याचे म्हटले आणि स्वतःच त्याला भयंकर म्हटले. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या स्विस धर्मशास्त्रज्ञांनी मांडले की निवडलेला आणि टाकलेला दोन्ही येशू ख्रिस्तच. आपल्या वाट्याचे टाकून दिले जाणे त्याने वधस्तंभावर स्वतःवर घेतले. मला हे फार जवळचे वाटते, पण त्याने सगळ्या वचनांचा उलगडा होतो असे नाही. पौलाने निवडीवर सर्वांत जास्त लिहिले ते रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत. त्याची सुरुवात कशी आहे पाहा : माझ्या हृदयात अखंड वेदना आहे, माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तुटून शापित व्हावे असे मला वाटते. निवडीवर बोलणारा पहिला माणूस स्वतःचे तारण द्यायला निघाला होता. आणि तीन अध्याय झगडून झाल्यावर तो देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना आज्ञाभंगात कोंडले असे लिहितो, आणि देवाच्या ज्ञानाची खोली मोजता येत नाही म्हणून थांबतो. बहिणीच्या घरी आलेल्या उपदेशकांनी नववा अध्याय मधूनच उघडला होता. वरची ओळ वाचली नव्हती.

येत्या उपवासकाळात आमच्या वर्गात हेच तीन अध्याय घेणार आहोत, अगदी पहिल्या ओळीपासून. लेखकांना माझे मनापासून आमंत्रण आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही, वाद घातला तरी चालेल. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. आणि रमाबाईंच्या बाबतीत १८८३ला बाप्तिस्मा आणि १८९१च्या सुमारास त्यांनी स्वतः सांगितलेला नवा जन्म, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती.

कळावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर